मु. पो. जबलपूर, दोन रात्रींपुरतं

पाडव्याच्या संध्याकाळी साडेसातला आम्ही जबलपूरच्या बाहेर, कटनी रस्त्याच्या कडेला गाडी लावून उभे होतो आणि रात्री कुठं थांबायचं ते ठरलेलं नव्हतं. खरं तर हा प्रश्न आम्हाला पडायलाच नको होता. गाडीत तिघांची झोपायची सोय होती, दोन शेगड्यांचा ओटा होता, छोटा फ्रिज, शंभर लिटरची पाण्याची टाकी, छपरावर सौर पॅनेल. घर पाठीवर घेऊन निघालेल्यांना मुक्कामाची चिंता कसली? पण घर असलं तरी ते टेकवायला जमीन लागते, आणि जमीन कुणाची तरी असते. ही साधी गोष्ट नागपूरहून निघताना आमच्या लक्षात आली नव्हती.

पेट्रोल पंपावर विचारलं. व्यवस्थापक भला माणूस होता, पण गाडीत गॅसची शेगडी आहे म्हटल्यावर त्यानं हात जोडले. त्याचं बरोबरच होतं. एका हॉटेलवाल्यानं खोली घेतलीत तरच गाडी आवारात लावू देतो म्हणून सांगितलं. खोलीच घ्यायची तर एवढं घर ओढत आणलं कशाला? ढाब्यावर जागा मिळत होती. ट्रकच्या रांगेत मध्येच उभं राहायचं, रात्रभर इंजिनं धडधडत राहणार, आणि बायकांसाठी सोय म्हणजे मागचा अंधार. आत्यानं गाडीतूनच मान हलवली. आत्या बहात्तर वर्षांची, आर्वीची. काशीला न्यायचं वचन तिला माझ्या धाकट्या भावानं दिलं होतं, आणि ते पुरं करायला ही भाड्याची कॅम्परव्हॅनही त्यानंच ठरवली होती. मी अर्धी भाची, अर्धी वार्ताहर म्हणून बरोबर.

शेवटी एका डेअरीच्या फाटकापाशी दिवा दिसला. फाटकाबाहेरच्या अंगणात शेणाचा गोवर्धन मांडलेला, त्यावर कापूस आणि झेंडूची फुलं खोचलेली. मध्य प्रदेशात पाडव्याला गोवर्धनपूजा असते. मालकानं भावाला तीन प्रश्न विचारले. कहाँ से, कहाँ को, और साथ में कौन. आत्या खाली उतरली तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला समोरच दिसलं. त्यानं कुटाराच्या गंजीशेजारची मोकळी जागा दाखवली आणि विचारलं, “काय बड्डे, गाड़ी में ही सोओगे?”

त्या ‘काय’नं आत्या एकदम सैलावली. जबलपूरकडच्या बोलीत ‘काय’ आपल्यासारखंच येतं, आणि होकाराला ‘हओ’ म्हणतात. आमच्या वऱ्हाडीत ‘हव’. पुढच्या दोन दिवसांत ती आणि मालकाची आई या दोन शब्दांवर किती बोलल्या असतील, देव जाणे. ‘बड्डे’ मात्र खास जबलपुरी. थोरला भाऊ, दोस्त, अनोळखी माणूस, सगळ्यांना एकच हाक.

आमच्या गाडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मराठी वाचकाला ती परकी नाही. मूळची ती ट्रॅव्हलर. फिरोदियांच्या कंपनीनं 1958 साली जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या सहकार्यानं तीनचाकी बनवायला घेतली आणि त्या कंपनीचं नाव आपण मालवाहू गाडीच्या सबंध जातीलाच देऊन टाकलं. बजाज टेम्पोची पुढं फोर्स मोटर्स झाली, आणि तिची ट्रॅव्हलर मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरला तयार होते. तेव्हा आमची गाडी एका अर्थी माहेरच्या राज्यात आली होती. ज्यांना आपल्या जुन्या ट्रॅव्हलरमध्ये सुताराकडून पलंग ठोकून घ्यायचा मोह होतो त्यांच्यासाठी एक इशारा: मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाखाली गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. कॅराव्हॅन म्हणून मान्यता आणि नोंदणी असलेली गाडीच घ्यावी.

नागपूर ते जबलपूर जवळपास पावणेतीनशे किलोमीटर. लखनादौनपर्यंत 44 क्रमांकाचा महामार्ग, तिथून 34. मनसर सोडलं की पेंचचं जंगल लागतं. महाराष्ट्राच्या हद्दीत इथं वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ वाटा सोडल्या आहेत, त्यांतली सर्वांत लांब पाऊण किलोमीटरची. वाघानं आणि रानकुत्र्यांनी त्या वापरल्याची कॅमेऱ्यातली छायाचित्रं आहेत. जंगली जनावराला वाट मिळाली, त्याचा आनंदच आहे. पाळीव जनावराला मात्र मिळालेली नाही. सिवनी ओलांडल्यावर रस्त्याच्या मधोमध गाईगुरं बसलेली दिसायला लागतात. डांबर कोरडं असतं, उबदार असतं, आणि त्यांना हाकून नेणारं कुणी नसतं. 2019 च्या पशुगणनेत मध्य प्रदेशात 1 कोटी 87 लाख गोवंश मोजला गेला. देशात फक्त पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेश त्याच्या पुढं. बैलाचं काम ट्रॅक्टरनं घेतलं, म्हातारी गाय विकायची वाट कायद्यानं बंद झाली, आणि उरलेलं ओझं रस्त्यावर येऊन बसलं. भाऊ ताशी तीसच्या वेगानं गाडी काढत होता. आत्या मोजत होती. लखनादौनपर्यंत तिनं एकशे चाळीस मोजली आणि मग सोडून दिली.

आत्याच्या मोजण्याला कारण आहे. तिच्या वडिलांकडं, म्हणजे माझ्या आजोबांकडं, गवळाऊ बैलांची जोडी असायची. गवळाऊ ही वर्धा-नागपूरची आणि तिथून वर सिवनी, छिंदवाडा, बालाघाटपर्यंतची जात. पांढरी, अंगानं सडपातळ, चालीला झपाट्याची. मराठ्यांच्या फौजांना ओढीसाठी हीच जनावरं लागत, असं सांगतात. राज्याची सीमा खवाशाला येते. जातीची सीमा त्याच्या कितीतरी पुढं जाते. आम्ही दिवसभर गवळाऊच्या मुलखातून आलो आणि रस्त्यावर बसलेल्या कळपांत आत्याला ओळखीचं असं एकच खोंड सापडलं.

हा रस्ता काशीचा. नागपूर, जबलपूर, मिर्झापूर. दक्षिणेतून गंगेकडं जाणाऱ्याला जबलपूर टाळून जाणं कठीण, आणि मुक्काम न करता जाणं त्याहून कठीण. 1781 च्या सुमारास सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचं गोंड राज्य घेतलं, 1798 मध्ये पेशव्यांनी नर्मदेचं खोरं नागपूरकर भोसल्यांना दिलं, आणि 1817 च्या डिसेंबरात, सीताबर्डीच्या लढाईनंतर महिन्याभरात, ते इंग्रजांकडं गेलं. या साऱ्या काळात रस्त्यावर राज्य होतं ते बंजाऱ्यांचं. हजारो लादलेले बैल, मीठ एकीकडं, धान्य दुसरीकडं. लदेणी हा त्यांचा धंदा आणि तांडा हे त्यांचं चालतं गाव. फौज मोगलांची असो, मराठ्यांची असो की इंग्रजांची, तिला दाणा बंजाराच पुरवायचा. पाणी, चारा आणि रात्रीची राखण, तांड्याच्या मुक्कामाला या तीन गोष्टी लागत. मी माझ्या वहीत कॅम्परव्हॅनच्या गरजा लिहिल्या होत्या: पाणी, विजेचं सॉकेट, सुरक्षित जागा. चाऱ्याच्या जागी वीज आली, एवढाच फरक.

मुक्कामाची दुसरी, काळी बाजूही याच रस्त्यानं पाहिली. ठग वाटसरूला गाठायचे ते मुक्कामावर. यात्रेकरूंबरोबर गप्पा मारत दोन-चार दिवस चालायचे आणि ठरलेल्या जागी रुमालानं गळा आवळायचे. इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन जबलपुरात बसून त्यांचा माग काढत होता. इंग्रजांनी ठगांचं भूत गरजेपेक्षा मोठं केलं, असं आज काही इतिहासकार म्हणतात, आणि त्यात तथ्य असावं. सत्तेला आपलं बस्तान बसवायला अशी भुतं उपयोगी पडतात. पण मला खिळवून ठेवलं ते पुढच्या गोष्टीनं. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या पोरांसाठी 1837 मध्ये जबलपूरला एक उद्योगशाळा काढली गेली. तिथं ते गालिचे विणायचे आणि तंबू शिवायचे. मुक्कामावर माणसं मारणाऱ्यांच्या हातचे तंबू पुढं दुसऱ्यांच्या मुक्कामासाठी विकले जात. कादंबरीकारानं हे लिहिलं असतं तर आपण त्याला ओढूनताणून आणलंय म्हटलं असतं.

मार्च 1870 मध्ये मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग जबलपूरला जुळला. तेव्हापासून मुंबई-कलकत्ता गाडीनं जाता येऊ लागलं, आणि तांड्याचे बैल लादण्यावाचून उभे राहिले.

आता पुन्हा कुटाराच्या गंजीपाशी.

रात्री अडीचला जाग आली. सगळ्या डेअरीत दिवे लागले होते. लोखंडी घमेल्यांचा आवाज, पाण्याचा जोर, माणसांच्या आरोळ्या. तीनला धारा सुरू होतात, कारण पाचच्या आत दूध शहरात पोचावं लागतं. दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेल्या मोटारसायकली फाटकाबाहेर रांगेनं उभ्या होत्या. जबलपूरच्या या भागात, परियट नदीच्या आसपास, म्हशींच्या डेअऱ्या दाट आहेत. बहुतेक जनावरं मुऱ्हा. काळीभोर, शिंगं वळून कानामागं गुंडाळी झालेली. आत्या शाल पांघरून धारा बघायला गेली. मी मागोमाग.

तिनं एका म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, कासेकडं पाहिलं, दावणीकडं पाहिलं. “म्हशी दांडग्या हायेत,” ती मला म्हणाली. “पण पाय पसरायले जागा कुठी हाये?” खरंच नव्हती. खाली सिमेंट, आखूड साखळी, पुढं गव्हाण, मागं गटार. मग तिनं मालकाच्या आईला सरळच विचारलं, “वगारी दिसतात. हल्ये कुठी गेले?” हल्या म्हणजे रेडा. म्हातारीला शब्द कळला नसेल, पण प्रश्न कळला. ती म्हणाली, “का करें बाई,” आणि गव्हाणीतलं सरकीचं पेंड सारखं करू लागली. आत्यानं पुढं विचारलं नाही. दुधाच्या धंद्यात नराला जागा नसते हे दोघींनाही पाठ होतं.

एक मोठी म्हैस दिवसाला पंधरा ते वीस किलो शेण टाकते. हजार म्हशी असल्या तर पंधरा-वीस टन, रोजचं. शेतकऱ्याच्या घरी हेच शेण म्हणजे धन. गोवऱ्या होतात, खत होतं. शहराच्या वेशीवर, जिथं म्हैस आहे पण शेत नाही, तिथं त्याचं काय करायचं? सोपा उपाय म्हणजे पाण्याचा पाइप सोडायचा. गटार उताराला लागतं आणि उतार नदीला. परियट आणि गौर नद्यांच्या काठच्या डेअऱ्यांचा वाद उच्च न्यायालयात आणि हरित न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं चालला. परियटमध्ये मगरी आहेत, वरच्या अंगाला तिच्यावर जलाशय आहे आणि त्याचं पाणी शहर पितं. खाली तीच नदी हिरव्या-काळ्या रंगाची होते. आमच्या मालकाकडं शेणखताचा खड्डा होता, ट्रॉली भरून शेतांवर जात होती, हे मी पाहिलं. सगळं शेण त्या खड्ड्यात जात होतं का? गटाराकडं पाहिल्यावर तसं म्हणवत नाही. ज्याच्या अंगणात फुकट झोपलो त्याच्याबद्दल हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहिलं पाहिजे.

आणि मला तरी बोलायचा काय अधिकार? आमच्या गाडीतही एक प्लास्टिकची पेटी होती. वीस लिटरची, शौचालयाखालची, निळं औषध घातलेली. दोन रात्रींत ती भरत आली होती. तिचं काय करायचं, हे गाडी भाड्यानं देणाऱ्यानं आम्हाला एका वाक्यात सांगितलं होतं: “कुठंही होतं हो रिकामं.” मालकाच्या शेणखड्ड्यात ओतावं, असा विचार भावाच्या मनात आला होता. पण ते औषध जंतू मारायला असतं आणि खत कुजायला जंतूच लागतात. म्हशीचं शेण परवडलं, आमचं नाही.

सकाळी चहाला मालक गाडीपाशी येऊन बसला. फेब्रुवारी 2025 ची आठवण त्यानं आपणहून काढली. महाकुंभाची ती गर्दी. 9 आणि 10 तारखेला प्रयागराजकडं जाणारी वाहनं इतकी झाली की मध्य प्रदेश पोलिसांनी ती जिल्ह्याजिल्ह्यात अडवायला सुरुवात केली: सिवनी, जबलपूर, कटनी, मैहर, रीवा. पुढं जाऊ नका, जिथं आहात तिथंच थांबा. शेकडो किलोमीटरच्या त्या रांगेत महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तेलंगण, सगळीकडच्या गाड्या होत्या. कुणी गाडीतच झोपलं, कुणी डिकीवर स्टोव्ह पेटवला, कुणी म्हाताऱ्या आईला मागच्या सीटवर आडवं केलं. मला वाटतं, भारतातला सगळ्यांत मोठा कॅम्परव्हॅनचा मुक्काम तोच. फक्त त्या गाड्यांत ओटा नव्हता, टाकी नव्हती, पेटी नव्हती. मालकाच्या फाटकासमोर दोन दिवस गाड्या उभ्या होत्या. त्यानं पाणी दिलं, पोरांसाठी दूध दिलं, बायकांना आतलं शौचालय उघडून दिलं. “कोई धरमशाला होती तो हम काहे को खोलते,” एवढंच तो म्हणाला. बढाई मारत नव्हता. थोडा वैतागच होता त्यात.

आमच्याकडं गाडीतला मुक्काम धोरण म्हणून आलाय. महाराष्ट्रानं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, केरळनंही त्याच वर्षी आपलं जाहीर केलं. दोन्हींत कॅराव्हॅन पार्क आहेत, गुंतवणूक आहे, सवलती आहेत. वाईट काही नाही. पण ही सगळी भाषा रिसॉर्टची आहे. काशीला निघालेल्या आत्याला टेकडीवरचं पार्क नको असतं. तिला रस्त्यालगत एक नळ, एक दिवा आणि कडी लागणारं शौचालय पुरतं. जुन्या धर्मशाळेत एवढं असायचं. नव्या महामार्गावर टोलनाका आहे, खाद्यगृहं आहेत, हातात कागदी पेला घेऊन उभं राहायला जागा आहे. रात्र काढायला नाही.

भाऊबीजेच्या दिवशी आम्ही शहर पाहिलं. गाडी तिथंच ठेवून रिक्षानं, कारण कॅम्परव्हॅन घेऊन जबलपूरच्या बाजारात शिरणं म्हणजे हत्ती घेऊन शिरण्यासारखंच. हत्तींवरून आठवलं. 1939 मध्ये त्रिपुरी काँग्रेसचं अधिवेशन इथंच, नर्मदेकाठी भरलं. काँग्रेसचं बावन्नावं, म्हणून मिरवणुकीचा रथ ओढायला 52 हत्ती. पट्टाभी सीतारामय्यांना हरवून अध्यक्ष झालेले सुभाषबाबू तापानं फणफणलेले. त्या अधिवेशनाची आठवण म्हणजे बाजारातलं कमानिया गेट. ज्या गावानं 52 हत्ती बांधले त्या गावात आमच्या एका गाडीला जागा मिळत नव्हती, हे मी गेटखाली उभं राहून भावाला सांगितलं. तो म्हणाला, हत्तींना पार्किंगची पावती लागत नाही.

गेटजवळ खव्याची जिलबी मिळते. आपली केशरी, कुरकुरीत जिलबी डोळ्यांसमोर असेल तर ती विसरा. ही काळपट तपकिरी, जाड, मऊ, गुलाबजामाची बहीण शोभेल अशी. इथं इतकं दूध आहे की जिलबीतही मैद्याची जागा खव्यानं घेतली. सकाळच्या धारा पाहून आलेल्या माणसाला ही जिलबी नुसती गोड लागत नाही. मी दोन खाल्ल्या. आत्यानं एक खाऊन “पोटाले जड हाये” म्हणत दुसरी मागितली.

जबलपूरला विनोबांनी संस्कारधानी म्हटलं, आणि गाव ते नाव दुकानांच्या पाट्यांवर अजून मिरवतं. माधवराव सप्रे आणि माखनलाल चतुर्वेदींचं ‘कर्मवीर’ जानेवारी 1920 मध्ये इथूनच निघालं. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. त्या दिवशी राज्यं बदलली, नागपूरची राजधानी गेली आणि मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय जबलपूरला आलं.

भावाला एकच गोष्ट पाहायची होती: जोंगा. इथल्या व्हेइकल फॅक्टरीत, म्हणजे लष्कराच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात, 1969 पासून तीसेक वर्षं निस्सानच्या परवान्यावर ही गाडी बनली. नावच मुळी ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी शब्दांच्या अक्षरांचं. तिच्या आधी शक्तिमान ट्रक. लष्करानं काढून टाकलेल्या जोंगा हौशी लोक घेतात, रंगवतात, छपरावर तंबू लावून डोंगरात नेतात. महेंद्रसिंग धोनीनंही एक घेतली. म्हणजे तंबू शिवणारं गाव पुढं तंबू वाहून नेणारी गाडी बनवू लागलं. कारखान्याच्या फाटकापलीकडं अर्थातच जाता येत नाही. भावानं भिंतीचा फोटो काढला.

आत्यालाही एक फाटक पाहायचं होतं. नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठ. इथलं पशुवैद्यक महाविद्यालय 1948 चं, विद्यापीठ 2009 चं, आणि नानाजी मूळ हिंगोलीकडच्या कडोळीचे. सुट्टी होती, बंद होतं. “आपल्याकडचा माणूस,” आत्या पाटी वाचून म्हणाली, आणि मग, “याइले इचारलं पायजे हल्यांचं.” छावणीत लष्कराची दुग्धशाळाही होती. देशभरातले मिलिटरी फार्म 2021 मध्ये बंद झाले, त्यात तीही गेली.

भेडाघाटबद्दल मी फार लिहिणार नाही. संगमरवराचे कडे, धुवांधार धबधबा, दहाव्या शतकाच्या आसपासचं चौसष्ट योगिनीचं मंदिर, सगळं थोर आहे, आणि सगळे सांगतात ते चांदण्यात पाहा. आम्ही गेलो अमावस्येनंतर दोनच दिवसांनी, भर दुपारी, आणि होडीवाल्याच्या विनोदांनी कड्यांची शांतता पार घालवली.

नर्मदेच्या ग्वारीघाटावर मात्र संध्याकाळी रेंगाळलो. चातुर्मासात परिक्रमावासी चालत नाहीत. देवउठनी एकादशीपर्यंत एका जागी थांबतात. घाटावर असे पाच-सहा जण होते, त्यांत नगर जिल्ह्यातले एक निवृत्त एसटी कंडक्टर. आयुष्यभर दुसऱ्यांना थांबे सांगितले, म्हणाले, आता स्वतःला एकही थांबा ठाऊक नाही. संध्याकाळी जे गाव येतं तिथं ‘नर्मदे हर’ म्हणायचं. कुणीतरी ओसरी देतं, सदाव्रत देतं. सामानात एक पिशवी, कमंडलू, घोंगडी. आमच्या गाडीत काय काय आहे ते त्यांनी विचारून घेतलं. भावानं उत्साहानं सांगितलं: लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, सौर पॅनेल, पाण्याचा पंप. पंप दुपारपासून बंद होता ते सांगितलं नाही. कंडक्टरकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि मुक्काम कुठं?” डेअरीवर, मी म्हणाले. “म्हणजे कुणीतरी दिला,” ते म्हणाले, आणि आरती सुरू झाली.

नर्मदेची परिक्रमा तिघां-चौघांत टेम्पो ट्रॅव्हलरनं करणारी मराठी कुटुंबं आता कितीतरी आहेत. त्यांना नावं ठेवायची पद्धत आहे, पण मला ते पटत नाही. गुडघे सगळ्यांना सारखे नसतात. अमृतलाल वेगडांसारखा चित्रकार याच जबलपुरात राहून तुकड्यातुकड्यानं ही नदी चालला, आणि चाललेल्याचं असं लिहून ठेवलं की घरी बसलेलाही तिच्या काठानं जावा. वेगड 2018 मध्ये गेले.

रात्री डेअरीवर परतून भाऊबीज केली. पाट नव्हता, भाऊ गाडीच्या पायरीवर बसला. मालकाच्या घरीही भाईदूज होती, त्यामुळं निरांजन, कुंकू, सुपारी, सगळं आयतं मिळालं. मालकाच्या मुलीनं माझ्या भावाला आणि मी मालकाला ओवाळलं. ओवाळणीत मला दोन लिटर दूध मिळालं. त्याचं काय करायचं ते कळेना, शेवटी आत्यानं बासुंदी आटवली आणि गाडीतला अर्धा गॅस संपवला.

त्याच रात्री ब्रिस्बेनहून मामेभावाचा फोन आला. तो दरवर्षी अशीच गाडी घेऊन क्वीन्सलँडमधल्या गुरांच्या मुलखात हिंडतो. रॉकहॅम्प्टन नावाचं शहर तिथं गोमांसाची राजधानी म्हणवतं, आणि रस्त्यांवर बैलांचे भलेथोरले पुतळे उभे केलेत. टवाळ पोरं त्या पुतळ्यांची वृषणं काढून नेतात म्हणे. आत्याला हे सांगायचं की नाही यावर आमची थोडी चर्चा झाली. बैल मात्र आपल्या ओळखीचे. वशिंडाचे ब्राह्मन. अमेरिकेत ती जात घडवली गेली ती आपल्या गीर, कांकरेज आणि ओंगोलच्या रक्तातून, आणि थोडी आपल्या कृष्णा खोऱ्याच्या गुरांतूनही. तिथल्या अनेक छोट्या गावांच्या वेशीवर पाटी असते की गाडीत राहणाऱ्यांचं इथं स्वागत आहे. ती पाटी मिळवायला गावाला मोजकं काही द्यावं लागतं: गाडी लावायला जागा, पिण्याचं पाणी, आणि पेटी रिकामी करायची सोय. त्यांचा हिशोब व्यापारी आहे. रात्री थांबलेला माणूस सकाळी पाव, दूध आणि डिझेल घेतोच. दान म्हणून कुणी देत नाही. आपल्याकडं दान अजून आहे, हिशोब कुणी मांडलेला नाही, आणि पेटीचं नाव तर कुणीच घेत नाही.

पहाटे चारला, धारा चालू असतानाच आम्ही निघालो. मालकाला पाणी-विजेचे पैसे देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. आत्यानं त्याच्या आईच्या हातात काशीला वाहायसाठी आणलेल्या दोन खणांतला एक ठेवला. म्हातारीनं तिला एक पिशवी दिली, नव्या हंगामाच्या मटारच्या शेंगांची. जबलपूरचा मटार नावाजलेला आहे आणि दिवाळीनंतरच तो बाजारात उतरायला लागतो.

पेटी मात्र भरलेली होती. जबलपुरात दोन दिवस आम्ही विचारत होतो. बसस्थानकावर विचारलं, रेल्वे स्टेशनाबाहेरच्या शौचालयावर विचारलं, एका हॉटेलात तर भावाला हाकललंच. काय आहे ते नीट सांगितलं की लोक तोंड फिरवत. सिहोऱ्याच्या पुढं एका पंपामागं सार्वजनिक शौचालय दिसलं. सफाई करणारा माणूस नुकताच फरशी धुऊन बिडी ओढत बसला होता. भावानं पेटी दाखवली. त्यानं एकही प्रश्न न विचारता टोकाच्या संडासाचं दार उघडून दिलं आणि पाण्याचा पाइप हातात दिला. भावानं ती रिकामी केली, दोनदा विसळली. त्या माणसानं पन्नास रुपये सांगितले, आम्ही दिले.

नागपूर ते काशी, गाडी उभी करायचे किंवा रात्र काढायचे आम्हाला कुठंच पैसे पडले नाहीत. हे पन्नास तेवढे.